नवा पीसी जोडला, बटण दाबलं आणि ढिम्म? मदरबोर्ड परत करायच्या आधी हे करून बघा

आधी एक ठरवून घ्या, तुमचा पीसी 'चालू होत नाही' म्हणजे नक्की काय होतंय. फॅन फिरतायत, लाइटी लागल्यात आणि स्क्रीन मात्र काळी, तर तो वेगळा आजार. तिथे रॅम नीट बसलीय का, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी बोर्डात खुपसलीय का हे बघायचं, आणि डीडीआर५ वाला (नव्या प्रकारच्या रॅमचा) बोर्ड असेल तर पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगमध्ये, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असताना, काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, तेवढ्यात घाबरून मेन स्विच पाडू नका. मी इथे बोलतोय पूर्ण मेलेल्या पीसीबद्दल, बटण दाबलं तरी ना आवाज ना लाइट.

अशा वेळी कुणालाही विचारा, एक म्हणणार बोर्ड गेला, दुसरा म्हणणार एसएमपीएस (पीसीला करंट पुरवणारा डबा) उडाला, आणि एखादा हुशार सांगणार की बोर्डावरचा सेल काढून परत लाव. सेलच्या नादाला आत्ता लागू नका. बोर्डही इतक्या सहज नवाकोरा मेलेला निघत नाही. बहुतेक वेळा घोळ बटण आणि बोर्ड यांच्यामधल्या त्या दोन बारक्या वायरींचा असतो, आणि तिथेच लोक सगळ्यात शेवटी बघतात.

भिंतीतल्या सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून करंट आहे का बघा, एक्स्टेन्शन आणि यूपीएस सध्या बाजूला ठेवा. एसएमपीएसच्या मागचा स्विच रेघेच्या बाजूला दाबलेला हवा, गोलाच्या नाही.

मेन स्विच बंद करा आणि एसएमपीएसकडून बोर्डात येणारा २४ पिनचा मोठा कनेक्टर लॅच 'टक' करेपर्यंत दाबा, नवा बोर्ड असला की तो भयंकर घट्ट असतो, बोर्डाच्या कडेला खालून बोटांचा आधार द्या आणि दाबा. मग वरच्या कोपऱ्यातला सीपीयूचा ८ पिनचा. तो ४ अधिक ४ असा दोन तुकड्यांचा असतो, ग्राफिक्स कार्डचा ६ अधिक २ असतो. दिसायला भाऊभाऊ, पण एकाच्या जागी दुसरा जात नाही, जात नसेल तर जोर लावू नका. आणि मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचा, एसएमपीएस असेल तर त्याच्या खोक्यात आलेल्याच केबली वापरा, जुन्या एसएमपीएसची केबल 'बसतेय ना' म्हणून लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, केबल मस्त बसते आणि हार्ड डिस्क किंवा बोर्ड जळतो.

आता मेन स्विच चालू करून, पीसीचं बटण न दाबता बोर्डाकडे नीट बघा. बऱ्याच बोर्डांवर बारीकसा एलईडी किंवा आरजीबी (रंगीत लाइटी) नुसत्या स्टँडबाय करंटवर, म्हणजे पीसी बंद असतानाही येणाऱ्या करंटवर, लागतो. लागला असेल तर एसएमपीएसमधून ५ व्होल्टचा स्टँडबाय येतोय, म्हणजे संशय सरळ बटणावर. नसेल लागला तरी लगेच निष्कर्ष काढू नका, काही बोर्डांना असा एलईडीच नसतो.

आता खरं काम. माझा सगळ्यात जास्त घाम याच कोपऱ्यात निघालाय. बोर्डाच्या खालच्या उजव्या बाजूला दोन ओळींत उभ्या नऊ पिना असतात, दहावी मुद्दाम गायब. कॅबिनेटच्या तोंडाकडून येणाऱ्या बारक्या प्लगा इथे लागतात, पॉवर स्विच, रिसेट, पॉवरचा एलईडी आणि हार्ड डिस्कचा एलईडी. बोर्डावर छापलेली अक्षरं मुंगीएवढी असतात आणि त्यावरूनच केबली गेलेल्या असतात, त्यामुळे अंदाजाने लावू नका, मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा. मॅन्युअल नाहीच सापडलं तर बहुतेक बोर्डांवर चालणारी खूण ही, ज्या ओळीतली एक पिन गायब आहे त्या ओळीत, गायब पिनेला चिकटून असलेली जोडी पॉवर स्विचची, आणि तिच्या समोरची, दुसऱ्या ओळीतली जोडी रिसेटची. पॉवर स्विचला प्लस-मायनस नसतं, उलटा लावला तरी चालतो, 'प्लग उलटा लागला म्हणून चालू होत नाही' हे सांगणाऱ्याचं ऐकू नका. उलटं-सुलटं फक्त एलईडीला असतं आणि तो उलटा लागला तर नुसता पेटत नाही, बाकी काही बिघडत नाही. खरी भानगड ही की प्लग एक घर सरकून बसतो, अर्धा पॉवरच्या पिनेवर आणि अर्धा एलईडीच्या, आणि वरून बघितलं तर अगदी व्यवस्थित दिसतं. टॉर्च लावून आडवं बघा.

तरीही चालू होत नसेल तर ती प्लग काढून टाका. चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पॉवर स्विचच्या त्या दोन्ही पिनांना एकदम टेकवा, सेकंदभर, आणि उचला. दाबून धरू नका, चारेक सेकंद धरलं तर चालू झालेला पीसी परत बंद होतो आणि तुम्ही म्हणणार बघा सुरू होऊन बंद पडला. शॉकची भीती नाही, इथे पाचच्या वर व्होल्ट नसतात, फक्त हात स्थिर ठेवा आणि शेजारच्या पिनांना लावू नका. फॅन फिरले? मग बोर्डही ठीक, एसएमपीएसही ठीक, दोष कॅबिनेटच्या बटणाचा किंवा त्याच्या वायरचा. आता रिसेटची प्लग काढून पॉवरच्या जागी लावा, रिसेटचं बटण दाबून पीसी चालू करा आणि कॅबिनेट बदलायचं का ते सावकाश ठरवा. स्वस्तातल्या कॅबिनेटांत बटण आत अडकून बसायचंही प्रमाण बरंच असतं, तेव्हा पीसी चालू होतो आणि चार सेकंदांत स्वतःच बंद होतो.

स्क्रूड्रायव्हरनेही काही झालं नाही तर सगळं बाहेर काढा. कंटाळा येतो, केबली छान बांधलेल्या असतात, माहितीय, पण कॅबिनेटमध्ये ठेवून एकेक गोष्ट चाचपत बसण्यात पूर्ण रविवार जातो. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो आला तिच्यावर ठेवू नका, त्या पिशवीतून करंट जाऊ शकतो. फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच स्टिक (चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्यात), २४ पिन आणि ८ पिन. ग्राफिक्स कार्ड नाही, हार्ड डिस्क नाही, पुढचे यूएसबी नाहीत. परत तोच स्क्रूड्रायव्हर.

इथे चालू झाला तर चोर कॅबिनेटमध्ये आहे. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर स्क्रूने बसतो ते खुंटे, मोजा, बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा उभा असेल तर तो मागून बोर्डाला टेकून शॉर्ट करतो. तो काढला की झालं. मग यूएसबीच्या पिना बघा, एखादी वाकून शेजारणीला चिकटलेली असते.

नाही चालू झाला तर एसएमपीएस. भिंतीतला प्लग काढा, एसएमपीएस बोर्डापासून सोडवा, २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि शेजारची काळी पेपरक्लिपने जोडा, सगळ्याच वायरी काळ्या असतील तर १६ आणि १७ नंबरच्या पिना, मग प्लग लावा आणि स्विच चालू करा. यात एक फसवणूक आहे, बऱ्याच नव्या एसएमपीएसचा फॅन लोड नसताना फिरतच नाही आणि लोक चांगला एसएमपीएस मेला म्हणून परत देतात. एखादा मोलेक्सवाला (जुन्या चार पिनी पॉवर कनेक्टरचा) फॅन त्याला लावा आणि तो फिरतो का बघा. मल्टिमीटर असेल तर क्लिप न लावताही जांभळी वायर आणि काळी यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. पण क्लिपवर चालला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असं नाही, लोडवर मान टाकणारे असतातच, म्हणून खरी टेस्ट एकच, मित्राचा चालू एसएमपीएस उचलून आणा आणि लावून बघा. एसएमपीएस उघडू मात्र नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

दुसऱ्या एसएमपीएसवरही बोर्ड मुका राहिला, तर प्लग काढून प्रोसेसर उचला आणि सॉकेटचा मोबाईलवर झूम करून फोटो काढा, वाकडी पिन डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसते. सगळ्या पिना सरळ असतील तर आता बोर्ड गेला म्हणायला हरकत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतला असेल किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून, बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही घेऊन जा आणि दुकानातल्या टेबलावर समोर लावून दाखवायला सांगा. बिल, खोकं आणि सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी सोबत न्या, टोपी नसेल तर 'पिना तुम्हीच वाकवल्या' हे ऐकून घ्यावं लागतं.