परदेशातली स्वस्त खरेदी: दुकान कुठलं, वस्तू कुठली

खान्देशातला माणूस परदेशी गेला की खरेदी त्याच्या एकट्याची नसते. शेजारी, भाऊबंद, ऑफिसातले, दुकानावरची पोरं, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर परतणार असाल तर माहेरपणाला आलेल्या लेकीबाळी. म्हणून नावांची यादी बॅग भरण्याआधी घरीच करा आणि तिचे दोन भाग पाडा. चार-पाच जवळची माणसं, ज्यांच्यासाठी वस्तू निवडून घ्यायची. आणि बाकी सगळे, ज्यांना एकसारखी वस्तू चालते. हा दुसरा भाग डझनाच्या भावानं घ्यायचा. खरी बचत तिथंच होते.

गूगल मॅपवर ‘सुव्हेनिअर शॉप’ शोधलं की पर्यटनस्थळाच्या दारातली दुकानं आधी दिसतात. त्या जागेचं भाडं तुमच्याच खिशातून निघतं. त्याऐवजी हॉटेलजवळचं मोठं सुपरमार्केट आणि त्या देशातली एकभावाची किंवा स्वस्त मालाची दुकानं शोधा. जपानमध्ये डायसो आणि सेरिया: बहुतेक वस्तू १०० येनची, १० टक्के कर धरून ११० येन. डायसो बँकॉक-सिंगापूरलाही आहे, पण तिथं तीच वस्तू महाग पडते. मलेशियात मिस्टर डीआयवाय आणि इको शॉप, जर्मनीत टेडी, नेदरलँड्समध्ये ॲक्शन, ब्रिटनमध्ये पाउंडलँड. अमेरिकेतल्या डॉलर ट्रीमध्ये एक डॉलरचा काळ २०२१ मध्येच संपला. शिवाय तिथं पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो काउंटरवर लागतो. ही दुकानं निघण्याआधीच मॅपवर सेव्ह करा आणि तो नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

बँकॉकला जाणाऱ्यांनी सहलीत शनिवार किंवा रविवार येईल असं बघा, कारण चातुचाकचा मोठा बाजार शनिवार-रविवारीच पूर्ण भरतो. मो चित स्टेशनला उतरायचं आणि सकाळी ऊन चढायच्या आत जायचं. दुकानं हजारोंनी आहेत, त्यामुळे ‘परत येताना घेऊ’ म्हणालात की ते दुकान पुन्हा सापडत नाही. मनात राहिलंच तर गल्लीच्या नंबराच्या पाटीचा फोटो काढा. हत्तीच्या छापाच्या सैल पँटी डझनानं घ्यायला बऱ्या, पण उलटी करून बुडाजवळची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा; पहिल्यांदा तीच उसवते. घरी पहिल्या धुण्याला वेगळ्या भिजवा, रंग जातो. कपड्यांसाठी प्रातुनामचं प्लॅटिनम मॉल. तिथं एका नगाचा भाव वेगळा आणि तीन नगांपासून पुढे वेगळा असतो. तीन एकाच रंगाचे हवेत की मिसळून चालतील, हे आधी विचारा.

खाऊ मात्र बाजारातून नको, तो सेंट्रल वर्ल्ड मॉलसमोरच्या बिग सी सुपरमार्केटमधून घ्या: सुकवलेला आंबा, चिंचेच्या गोळ्या, नारळाचे काप. आजी-आजोबांसाठी औषधाच्या दुकानातला टायगर बाम आणि नाकाशी धरायचे छोटे इनहेलर. वजन नाही, फुटायची भीती नाही. जेली आणि गमीच्या पाकिटांवर जिलेटिन आहे का वाचा, शाकाहारी घरात नंतर पंचाईत होते. ड्युरियन या उग्र वासाच्या फळाच्या वाटेला जाऊ नका.

दुबईत डेरा आणि बर दुबई हे जुने भाग धरा. खाडी ओलांडायला अब्रा नावाची होडी आहे, भाडं एक दिरहम. ‘डे टू डे’सारख्या दुकानांत पाच-दहा दिरहमच्या वस्तू भरपूर, पण निम्मा माल चिनी, तोच जळगावच्या फुले मार्केटमध्ये मिळतो. तो उचलून आणण्यात काय अर्थ? तिथून खजूर आणा, तोही सुपरमार्केटमधला, सुटा किलोवर किंवा बंद डब्यात. केशर रस्त्यावर घेऊ नका, भेसळ ओळखता येत नाही. सोन्यासाठी तर जळगावकरानं दुबई गाठायची गरजच नाही: दागिन्यांवरची कस्टमची खास सूट वर्षाहून जास्त परदेशी राहिलेल्यांसाठी आहे, आठवड्याच्या सहलीला ती लागू होत नाही.

एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर चॉकलेट टाळा. भुसावळला गाडीतून उतरेपर्यंत त्याचा गोळा होतो. फ्रिजवर लावायच्या मॅग्नेटलाही हीच अडचण: मागचा लोहचुंबक नुसत्या गोंदानं चिकटवलेला असतो आणि उन्हात सुटतो. घेताना दुकानाच्या शटरला लावून बघा. खाली घसरला तर चुंबक लहान आहे. रबरासारखे चपटे मॅग्नेट हलके असतात आणि फुटत नाहीत.

भाव करताना पहिल्या दोन दुकानांत फक्त विचारा, घासाघीस तिसऱ्यात करा. ‘एकाचे किती’ न विचारता ‘बारा घेतो, किती?’ असं कॅल्क्युलेटरवर दाखवा. तुम्ही सांगितलेला आकडा त्यानं मान्य केला की वस्तू घ्यायचीच, मागे फिरणं वाईट दिसतं. व्हिएतनाममध्ये आपल्यासारखीच बोहनी मानतात, म्हणून सकाळी पहिलं गिऱ्हाईक होऊन घासाघीस करून रिकाम्या हातानं निघू नका. तिथल्या नोटांवर शून्यं फार. २० हजार आणि ५ लाखाच्या दोन्ही नोटा निळसर असतात, देताना उजेडात बघा.

पैसे विमानतळावर बदलू नका, शहरातल्या एक्स्चेंजचा दर चांगला असतो. थायलंडमध्ये कार्डाच्या मशीननं ‘रुपये की बाट (तिथलं चलन)’ विचारलं तर बाट निवडा. रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा महाग दर लागतो. पर्यटकांना खरेदीवर मिळणारा कराचा परतावा मोठ्या बिलावरच परवडतो. थायलंडमध्ये एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाट, सिंगापूरला तिथले १०० डॉलर, दुबईत २५० दिरहम. थायलंडचा फॉर्म दुकानातच भरून घ्या आणि खरेदी मोठी असेल तर सामान चेक-इनला देण्याआधी कस्टमचा शिक्का मारून घ्या. बॅग एकदा आत गेली की शिक्का मिळत नाही.

बुद्धाच्या मूर्ती थायलंडबाहेर न्यायला परवाना लागतो. पोवळं, शंख, हस्तिदंत यांना हात लावू नका. ई-सिगारेट भारतात २०१९ पासून बंद आहे. इटलीत फुटपाथवरची बनावट पर्स घेणाऱ्यालाही दंड होतो.

करी पेस्ट आणि बाम केबिन बॅगेत द्रवात मोजतात, १०० मिलीपेक्षा मोठी बाटली तिथंच काढून घेतात. हुकाचा वजनकाटा सोबत ठेवा. परदेशी विमानात २५-३० किलो चालत असलं तरी मुंबईहून जळगावच्या विमानात साधारण १५ किलोच चालतं, आणि जादा किलोचे पैसे त्या खरेदीपेक्षा जास्त होतात. बॅग जड असेल तर मुंबईहून पुढचं तिकीट रेल्वेचं काढा.