अंदमानचा पाच-सहा दिवसांचा प्लॅन करताय? आमच्या या चुका टाळा

आपल्या नागपूरच्या लोकांची ट्रिप म्हणजे गाडी काढायची, सकाळी तर्री पोहे हाणून आरामात नऊ-दहाला निघायचं, रस्त्यात वाटलं तिथे थांबायचं अन् संध्याकाळपर्यंत पोचलो की पोचलो. पचमढीला चालते, चिखलदऱ्याला चालते. मागच्या डिसेंबरात आई, बायको, पोरगी अन् मी अंदमानला गेलो, तेव्हा तोही प्लॅन मी असाच बसवला, मॅपवर अंतरं बघून. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेट किती लांब, तर रामटेकला जाऊन येण्याइतकं, मग त्यात काय एवढं. पण राजेहो, रामटेकच्या रस्त्यावर लाटा नसतात. बेटावर टाइमटेबल आपण नाही बनवत, समुद्र बनवते अन् सूर्य बनवते, आपण फक्त त्यात आपली बॅग बसवायची असते. हे मला जरा महागात कळलं, म्हणून लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक: दूरचं बेट शेवटी ठेवणं

आमचा प्लॅन होता पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर (विमान उतरते ते शहर), मग हॅवलॉक, मग नील बेट, पाचव्या दिवशी दुपारच्या बोटीने परत अन् सहाव्या दिवशी सकाळी विमान. कागदावर एकदम फिट्ट. पाचव्या दिवशी सकाळपासून वारा सुटला अन् जेट्टीवर गेलो तर बोट कॅन्सल. आता तिथे कोणाशी भांडणार, वाऱ्याशी? रात्र नीलवरच काढली, दुसऱ्या दिवशी बोट मिळाली पण तोवर विमान गेलं होतं, अन् चेन्नईहून नागपूरचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर असल्याने तेही गेलं. चौघांची तिकिटं नव्याने काढली, खरा आकडा बायकोला मी अजून सांगितला नाही.

लोकांना वाटते पावसाळा सोडला की झालं. तसं नाही. मेच्या शेवटापासूनचा पाऊस वेगळा, पण ऑक्टोबर ते डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतच राहतात. डिसेंबर 2016 मध्ये, अगदी पीक सीझनमध्ये, हॅवलॉक अन् नीलवर हजाराच्या वर टुरिस्ट अडकले होते अन् त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती. आमचं तर एका रात्रीवर भागलं.

म्हणून क्रम उलटा करा. उतरल्यावर आधी बाहेरची बेटं, हॅवलॉक-नील, अन् पोर्ट ब्लेअर शेवटी, निदान दीड दिवस हाताशी ठेवून. बोट रद्द झालीच तर तो दीड दिवस तुम्हाला वाचवते, नाही झाली तर पोर्ट ब्लेअरमध्ये बघायला भरपूर आहे, वाया काहीच जात नाही. आपल्याकडून विमान बदलूनच जावं लागते, तर नागपूर ते पोर्ट ब्लेअर एकाच पीएनआरवर मिळत असेल तर हजार-दोन हजार जास्त देऊन तेच घ्या, पहिलं विमान लेट झालं तर पुढची जबाबदारी विमानवाल्यांची. दोन वेगळी तिकिटं असतील तर मध्ये एक रात्र चेन्नई नाहीतर कोलकात्यात काढा.

अन् बोट कॅन्सल झालीच तर? हॉटेलवर बसून एजंटला फोन करत राहू नका. आमचा एजंट दिवसभर "बघतो सर, बघतो सर" करत होता. एकाने सरळ जेट्टीच्या काउंटरवर जाऊन उभं राहायचं, कारण प्रायव्हेट कॅटामरान (जलद बोट) बंद असली तरी सरकारी फेरीचं काय ते तिथेच आधी कळते, अन् तिकिटासाठी सगळ्यांचे ओळखपत्र सोबत लागते. दुसऱ्याने तोवर रूम एक रात्र वाढवून घ्यायची, नाहीतर अडकलेले सगळेच रूम शोधायला निघतात.

घड्याळ नागपूरचं ठेवणं

अंदमान आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडते. पाचला! आपण फुटाळा तलावावर चहा प्यायला निघतो त्या टायमाला तिथे अंधार पडायला लागलेला असते. हॅवलॉकला आम्ही पहिल्याच दिवशी जेवून, जरा पडून, साडेचारला राधानगर बीचवर निघालो अन् पोचेस्तोवर सूर्य गेला. आई म्हणाली, "एवढ्या दूर अंधार पाहायला आणलं का रे?"

तर दिवस पहाटे पाच-साडेपाचला सुरू करायचा, दुपारी बाराला जेवायचं अन् पाचला संपवायचा. दोन दिवस जड जाते, मग सवय होते.

सूर्यासारखंच भरती-ओहोटीचं. नीलवर लक्ष्मणपूरच्या बाजूला समुद्राने कोरलेला दगडी पूल आहे, तो ओहोटीतच नीट बघायला मिळते, भरतीत गेलात तर खडकांवर पाणी चढलेलं असते अन् पोचताच येत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून मित्राने मागच्या आठवड्यात सांगितलेली वेळ कामाची नाही, हॉटेलवाल्याला रोज सकाळी विचारा. पोहायचं असेल तर उलटं, भरती बरी. अन् पाण्यात रात्री चमकणारे जीव बघायची हौस असेल तर बुकिंग करतानाच कॅलेंडरमध्ये अमावस्या बघून घ्या, पौर्णिमेच्या उजेडात काही दिसत नाही.

नावांचा घोळ

हा छोटा पण डोकं खाणारा मुद्दा. 2018 च्या शेवटी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, अन् सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजया पुरम. एका साइटवर जुनं नाव, दुसऱ्यावर नवं, रिक्षावाला तिसरंच बोलते. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना वाटलं स्वराज द्वीप अन् हॅवलॉक ही दोन बेटं आहेत, त्यांनी दोन्हीकडे हॉटेल बुक केलं होतं. जुनी-नवी नावं एका कागदावर लिहून ठेवा, झालं.

सेल्युलर जेल "उरकणं"

आपण मराठी माणसं तिथे जातो ती सावरकरांची कोठडी बघायला, बरोबरच आहे. पण मी बघितलं, ग्रुपच्या ग्रुप येतात, धावत वर जातात, कोठडीसमोर फोटो काढतात अन् अर्ध्या तासात बाहेर, पुढे बोट आहे म्हणून. असं नका करू. ही इमारत 1896 ते 1906 या काळात बांधली, मधल्या टॉवरपासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात फांद्या होत्या, आज तीनच उरल्या, पाडलेल्या जागेवर सरकारी हॉस्पिटल उभं आहे. प्रत्येक फांदीचं तोंड दुसऱ्या फांदीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कोठडीतला माणूस कधी दिसूच नये. हे सावकाश चालत फिरल्याशिवाय ध्यानात येत नाही. टॉवरमध्ये संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं कोरली आहेत, त्यात बंगाल, पंजाब, सगळीकडची माणसं आहेत. बारीन घोष, उल्लासकर दत्त, भाई परमानंद. माझी पोरगी एकेक नाव वाचत बसली अन् आम्हाला तीन तास कसे गेले कळलं नाही. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोची भाषा अन् वेळ आधी बघून तिकीट काढा, ऐनवेळी मिळत नाही.

अन् काळं पाणी जेलपासून सुरू नाही झालं बरं, कैद्यांची वसाहत 1858 पासूनची, सत्तावनच्या लोकांना आणून टाकलं तेव्हापासून. वेळ असेल तर माउंट हॅरिएटवर जा, आता त्याला माउंट मणिपूर म्हणतात, कारण 1891 च्या युद्धातले मणिपुरी कैदी तिथे ठेवले होते. जुन्या लाल वीसच्या नोटेमागे नारळाची झाडं अन् लाइटहाउस होतं ना, ते दृश्य तिथूनच दिसते. जुनी नोट घरात असेल तर घेऊन जा, पोरं खूश होतात.

"कल्चर" म्हणजे फक्त आदिवासी, असं समजणं

हे जरा मनापासून सांगतो. बाराटांगला चुनखडीच्या गुहा अन् चिखलाचा ज्वालामुखी आहे, तिकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. गाड्या पोलिस बंदोबस्तात ताफ्यानेच सोडतात, थांबायचं नाही, फोटो नाही, खायला द्यायचं नाही, अन् त्यासाठी 1956 पासून कायदा आहे, जेल होऊ शकते. तरी आमच्या हॉटेलमधले एक भाऊ ड्रायव्हरला विचारून राहिले होते, "दिसन का?" जसं काही ताडोब्यात जिप्सीवाल्याला वाघाचं विचारावं. माणसं आहेत ना ती बापा, त्यांच्या अंगणातून तुम्ही गाडी घालून चालले. माझं मत विचाराल तर छोट्या ट्रिपमध्ये बाराटांग सोडाच. पहाटे तीनला उठून अख्खा दिवस रस्त्यात जाते.

त्यापेक्षा बाजारात जाऊन बसा. नील अन् हॅवलॉकवरची बरीच वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, म्हणून तर नीलवर गावं कशी, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, सगळं रामायण! हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर. पोर्ट ब्लेअरला रांचीकडून मजुरीला आलेले लोक, केरळचे मोपला, तमिळ, तेलुगू, सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात, त्यामुळे आपलं अडत नाही. नीलच्या भाजीबाजारात आईने एका बंगाली आजीसोबत तासभर केळफुलाच्या भाजीवर चर्चा केली, एक मराठीतून बोलत होती, एक बंगालीतून, अन् दोघींना सगळं समजत होतं.

सगळं कव्हर करायचा हट्ट

पाच दिवसांत हॅवलॉक, नील, बाराटांग अन् वर दिगलीपूर? नाही होत. दिगलीपूर रस्त्याने दहा-बारा तास आहे. कासवं अंडी घालायला येतात तो कालीपूरचा किनारा (डिसेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ), सॅडल पीकचा डोंगर, रॉस-स्मिथ या दोन बेटांमधली वाळूची वाट (हे रॉस वेगळं, पोर्ट ब्लेअरजवळचं नाही), हेच बघायचं असेल तर हॅवलॉक सोडून द्या अन् तिकडेच चार दिवस राहा. गर्दी कमी, अन् मला पुढच्या वेळी तेच करायचं आहे. पोवळी बघायला जॉली बॉय बेट म्हणत असाल तर ते वर्षातले काही महिनेच उघडं असते, बाकी वेळ रेड स्किन बेट उघडतात, परमिट आदल्या दिवशीच काढून ठेवा अन् प्लास्टिकची पिशवी नेऊच नका.

बाकी बारीकसारीक: स्कूबा केलं की निदान एक अख्खा दिवस विमानात बसायचं नाही, म्हणून तेही ट्रिपच्या सुरुवातीलाच. बोटीत उलटी होणाऱ्यांनी रिकाम्या पोटी बसू नका अन् सावजी खाऊनही नको, गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधीच घ्या, लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते, मध्यभागी खालच्या डेकवर सीट मागा. कॅश ठेवा, नीलवर एटीएमच्या भरवशावर राहू नका. मगरीचा बोर्ड असेल तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही, तिथल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी खऱ्याच आहेत.

अन् शिंपले, पोवळ्यांचे तुकडे खिशात घालू नका, पोवळी वन्यजीव कायद्यात येतात अन् विमानतळावर बॅगा तपासतात. आमच्या पोरीच्या बॅगेतून दोन पांढरे तुकडे निघालेच. तिने कधी उचलले आम्हाला पत्ता नाही. तिथल्या बाईने शांतपणे काढून ट्रेमध्ये ठेवले, ट्रे आधीच अर्धा भरलेला होता.