जगाचा इतिहास रिव्हाईज करताय? आधी हरिपूरचं पेव आठवा

दिवाळीत मावसबहीण साताऱ्याहून आमच्याकडं सांगलीला आलेली, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतीय, म्हणाली दादा, वर्ल्ड हिस्ट्री दोनदा वाचून झाली पण पुस्तक मिटलं की पाटी कोरी, आता तिसऱ्यांदा वाचू का? म्हणलं अजिबात नको. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि तिथंच आपण फसतो, रोजच्या यष्टीत एखादा माणूस दिसतो ना तसं, चेहरा पाठ असतो पण नाव विचारलं तर बोंब. तिला दोन दिवस बसवून जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

माझं काय झालेलं ते पण सांगतो. टेस्ट सिरीजला प्रश्न आलेला, औद्योगिक क्रांती आधी इंग्लंडमध्येच का झाली. मी खूश, दोन पानं भरून हारग्रीव्ह्ज, आर्कराइट, वॅट, स्टीफनसन सगळ्यांची हजेरी घेतली. पंधरापैकी चार मार्क आले आणि खाली लाल पेनानं लिहिलेलं, "यादी झाली, उत्तर कुठाय?" चार दिवस राग होता पण सरांचं बरोबर होतं, मी 'कुणी काय शोधलं' लिहिलेलं आणि विचारलेलं 'का'.

तर पहिलं काम, पट्टी. एक चार्टपेपर आणा, त्याची लांब पट्टी कापा आणि एक सेंटिमीटर म्हणजे शंभर वर्षं धरून इ.स.पू. ३५०० ते इ.स. २००० रेघ मारा. बरोबर ५५ सेंटिमीटर होते. आता १७५० ला खूण करा आणि तिथनं शेवटापर्यंत मोजा, अडीच सेंटिमीटर. अंगठ्याएवढी जागा! आणि यूपीएससीच्या मेन्सचा जगाच्या इतिहासाचा सिलॅबस अठराव्या शतकापासनं सुरू होतो, म्हणजे सगळा पेपर त्या अंगठ्याखाली. म्हणून दुसरी पट्टी वेगळी करायची, १७५० ते २०००, एक सेंटिमीटरला दोन वर्षं, ती १२५ सेंटिमीटर होते, दोन तुकडे डिंकानं जोडा. रेघेच्या वर जग, खाली हिरव्या पेनानं आपलं. हे 'आपलं' सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवीन गोष्ट डोक्यात नुसती टिकत नाही, तिला अडकवायला खुंटी लागते, आणि सातारा-सांगलीच्या माणसाकडं खुंट्यांना तोटा नाही.

पहिली खुंटी हळदीची. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ऐकलीच असतील, जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. आमचे आजोबा एका अडत्याकडं दिवाणजी होते, ते सांगायचे की पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, तो विझला तर आत हवा नाही. त्यांच्या वहीत कुणाची किती पोती कुठल्या पेवात हे सगळं असायचं. आता डोळे मिटा आणि विचार करा, शेतकऱ्यानं खाऊन उरेल इतकं पिकवलं, मग ते साठवायला जागा आली, साठा म्हणलं की राखण आली, कुणाचं किती हा हिशोब आला, हिशोबाला लिहिणं आलं, लिहिणारा दिवाणजी आला, आणि दिवाणजीच्या डोक्यावर मालक, पुजारी, राजा. झालं, सुमेर (इराकातली जुनी संस्कृती) संपलं! दक्षिण इराकातल्या उरुकमध्ये इ.स.पू. ३३००-३२०० च्या सुमाराच्या ज्या मातीच्या पाट्या सापडल्यात त्यातल्या बहुतेक हिशोबाच्याच आहेत, धान्य किती, मेंढ्या किती. माणसानं कविता लिहायला नाही, खतावणी लिहायला अक्षर काढलं. हे एकदा डोक्यात बसलं की इजिप्त, सिंधू, चीनची पीत नदी यांना वेगळं पाठांतर लागत नाही, फक्त फरक लक्षात ठेवायचा. नाईलचा पूर वेळेवर यायचा आणि गाळ देऊन जायचा, टायग्रिस-युफ्रेटिसचा कधी येईल नेम नाही. २००५, २०१९, २०२१ ला कृष्णेचं पाणी दारात बघितलेल्यांना हा फरक काय असतो ते सांगायला नको.

अजून एक, आपल्याकडं नदीकाठची जमीन उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालीय की नाही, वर पांढरं मीठ फुटतं. सुमेरमध्ये पण कालव्याच्या पाण्यानं तसंच झालं आणि गहू कमी होऊन बार्ली वाढत गेली, कारण बार्ली खारट जमीन जास्त सोसते, असं बरेच अभ्यासक मांडतात. फारो आणि राजांच्या यादीपेक्षा हा एक मुद्दा उत्तरात जास्त वजनदार दिसतो.

ग्रीस-रोमवर जास्त वेळ घालवू नका राव. अथेन्सची लोकशाही, त्यात बायका आणि गुलाम नव्हते हे विसरायचं नाही, रोमचं प्रजासत्ताक जाऊन साम्राज्य कसं झालं, पश्चिम रोम ४७६ ला पडलं, पूर्वेचं कॉन्स्टँटिनोपल १४५३ ला. रोम लांबचं वाटत असेल तर एखाद्या रविवारी कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये जा, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथलीच. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी कशाला आला, तर व्यापारामुळं. मधल्या काळातलं चार ओळीत: ६२२ ला हिजरत (पैगंबर मक्केहून मदिनेला गेले ते), ७६२ ला बगदाद वसलं, तिथनं आपले अंक अरबांमार्फत युरोपात गेले, १२५८ ला मंगोलांनी बगदाद लुटलं, १३४७ पासून युरोपात प्लेग, मजूर कमी पडले, मजुरी वाढली, सरंजामशाही ढिली झाली.

आता भडंग घ्या, खरंच घ्या, अभ्यासाला बसताना वाटीत. चुरमुरे भाताचे म्हणजे आशियाचे, लसूण मध्य आशियाचा, हळद आपली. शेंगदाणा? दक्षिण अमेरिका. तिखट? मिरची पण अमेरिकेतलीच. कोलंबस १४९२ ला तिकडं गेला, वास्को द गामा १४९८ ला कालिकतला पोचला, त्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतनं ह्या गोष्टी इकडं आल्या. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे माऊलींच्या काळात महाराष्ट्रात मिरचीच नव्हती, तिखट म्हणजे मिरी. बहिणीला हे पटेना, तिनं मोबाईलवर शोधलं मग गप्प बसली. हीच ती कोलंबियन देवाणघेवाण, आणि उलट्या बाजूनं तिकडं गेला देवीचा रोग, ज्यानं तिथली माणसं लाखांनी मेली. ऊसपण तिकडं गेला, कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत १४९३ ला. मग कॅरिबियनमध्ये मळे, मळ्यांना मजूर, मजूर म्हणून आफ्रिकेतनं सव्वा कोटीच्या आसपास माणसं साखळदंडात जहाजात भरली. ऊसतोड बघितलेल्याला ते काम काय असतं माहितीय, इथं मोबदला शून्य आणि पाठीवर चाबूक.

आणि आता माझ्या चार मार्कांच्या प्रश्नाकडं या. इंग्लंडच का? किर्लोस्करवाडी बघा. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना काढला, तिथंच का काढला? औंधच्या राजानं जागा आणि मदत दिली, कुंडल रोड स्टेशन जवळ, आणि नांगराला गिऱ्हाईक म्हणून आजूबाजूला शेतकरी. जमीन, भांडवल, वाहतूक, बाजार, राजाश्रय. हेच खण इंग्लंडला लावा: कुंपणं घालून गावकीच्या जमिनी बळकावल्या त्यामुळं रिकामे झालेले मजूर, व्यापाराचा आणि गुलामांच्या मळ्यांचा पैसा, जमिनीत वरवरच मिळणारा कोळसा, नद्या-कालवे आणि नंतर रेल्वे, १६८८ नंतर व्यापाऱ्यांचं ऐकणारी पार्लमेंट, आणि हुकमी बाजार म्हणून वसाहती, त्यात आपण पण. शोध लावणारे सगळ्यात शेवटी आणि एका वाक्यात. वॅटचं पेटंट १७६९ चं, पण कोळशाच्या खाणीत पाणी साचत होतं म्हणून इंजिन लागलं, आधी गरज, मग यंत्र.

फ्रेंच क्रांतीला पण तीच शिस्त. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला मदत करून फ्रान्सची तिजोरी रिकामी, कर भरायचा फक्त खालच्यांनी, त्यात पीक गेलं, पाव महागला, १७८९. पुढं १७९३ ला राजाचा शिरच्छेद, १७९९ ला नेपोलियन, १८१५ ला वॉटर्लूला त्याचा पराभव. इथनं एक धागा सरळ आपल्याकडं येतो, थॉमस पेननं ह्या क्रांतीची बाजू मांडणारं 'राइट्स ऑफ मॅन' लिहिलं आणि ते जोतिराव फुल्यांनी वाचलं, ज्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना.

माझी सगळ्यात लाडकी खुंटी म्हणजे १८४८. साताऱ्याच्या माणसाला हे वर्ष झोपेत पण आलं पाहिजे, डलहौसीनं वारस नाही म्हणून सातारचं राज्य खालसा केलं ते हेच. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्याच. आता रेघेच्या वर बघा: फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळाला, लंडनमध्ये मार्क्स-एंगल्सचा कम्युनिस्ट जाहीरनामा छापला, मार्चमध्ये व्हिएन्नातनं ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिक पळाला, जुलैमध्ये अमेरिकेत सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची परिषद. कारण काय, तर १८४५ पासनं बटाट्यावर करपा (बटाटा पण अमेरिकेचाच, भडंग विसरू नका), धान्य महाग, बेकारी, वर उदारमतवाद आणि राष्ट्रवाद. बऱ्याचशा क्रांत्या फसल्या, पण इटली-जर्मनी एक व्हायचं बी इथंच पडलं, फक्त पुढं ते लोकांनी नाही तर काव्हूर-बिस्मार्कनी वरनं उगवलं. बहिणीनं ह्या एका वर्षावर अर्धा तास न बघता बोलून दाखवलं.

रशियन क्रांतीत पोरं महिन्यांत अडकतात, फेब्रुवारी क्रांती मार्चमध्ये आणि ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये कशी? उत्तरेत श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो ना, तसंच, रशियाचं जुनं कॅलेंडर १३ दिवस मागं होतं.

महायुद्धांसाठी लढायांची नावं सोडा, साखळी धरा: १९१४ साराजेव्होतला खून, १९१९ व्हर्सायचा तह, १९२९ मंदी, १९३३ हिटलर सत्तेवर, १९३९ पोलंडवर हल्ला. प्रत्येक दोन कड्यांमध्ये 'म्हणून' घालून वाक्य करता आलं तर तुम्हाला येतंय. पहिलं महायुद्ध कुणाचं होतं असं वाटत असेल तर साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला जा, ह्या एका गावातल्या ४६ जवानांनी त्या युद्धात जीव दिला, तिथं स्मारक आहे. दुसऱ्याला खुंटी १९४३: फेब्रुवारीत स्टालिनग्राड संपलं, बंगालात दुष्काळ, सप्टेंबरात इटली शरण, आणि त्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, शेणोलीला रेल्वेतला सरकारी पगार लुटला.

वसाहती सुटल्या त्याला खुंटी १ मे १९६०. महाराष्ट्र झाला, देवराष्ट्रेचे यशवंतराव मुख्यमंत्री झाले, आणि त्याच वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. शीतयुद्ध १९४७ ते १९९१, तुटलेली बर्लिनची भिंत १९८९, आणि सोव्हिएत युनियन विसर्जित झालं त्याच १९९१ ला आपलं उदारीकरण.

आता रोजचं. एक भाग वाचला की त्याच संध्याकाळी कोरा कागद घेऊन फक्त 'का'ची साखळी काढायची, पुस्तक बघायचं नाही, अडलं तिथं जागा सोडायची आणि मगच लाल पेनानं भरायचं. तिसऱ्या दिवशी परत, मग दहाव्या, मग महिन्यानं. लाल कमी होत गेलं की कळतं. आणि कुणाला तरी मोठ्यानं सांगा, बहीण तिच्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, पोळ्या लाटताना सांगायची, मावशी मधेच विचारायच्या "मग त्या राजाला पैशे कुणी दिले गं?" आणि तिथंच हिची गाडी अडायची. परीक्षेच्या आधी दोन दिवस नवीन पीडीएफ कुणी पाठवली तरी उघडायची नाही, दोन पट्ट्या आणि लाल पेनाचे कागद एवढंच. तिची मोठी पट्टी आता साताऱ्याच्या घरात फ्रिजच्या दारावरनं भिंतीवर वळून गेलीय, बरोबर १८४८ वर कोपरा आलाय.