मॅनिटोगाला आई-बाबांना नेताय? आधी त्यांच्या पायात काय आहे ते बघा

आई-बाबा उन्हाळ्यात इकडे जर्सीला आले की नायगरा, वॉशिंग्टन, रॉबिन्सव्हिलचं मंदिर हा ठरलेला कार्यक्रम असतो, तो उरकला की एक दिवस मॅनिटोगासाठी, म्हणजे न्यू यॉर्क राज्यात हडसन नदीकाठी गॅरिसनला असलेल्या डिझायनर रसेल राइटच्या घरासाठी काढा असं मी सगळ्यांना सांगत असते. फक्त 'एक घर बघायला जायचंय' एवढंच सांगून नेऊ नका. मी तेच केलं आणि आई चंदेरी नेसून, पायात कोल्हापुरी घालून दारात हजर. घर आहे खरं, पण ते आहे बंद पडलेल्या दगडखाणीच्या कड्यावर, आणि भोवती ७५ एकर जंगल. त्यामुळे सगळ्यात आधी बूट, मागे पट्टा असलेले नाही, चांगले ग्रिपवाले बंद बूट, आणि आईला सलवार-कमीज नाहीतर ट्रॅक पँट.

त्याच्याही आधी तिकीट. घर आतून बघायचं तर गाइडेड टूरच घ्यावी लागते आणि ती हिवाळ्यात नसते, म्हणून आई-बाबांच्या विमानाच्या तारखा कळल्या की लगेच वेबसाइटवर स्लॉट बघा. जून मिळाला तर उत्तम, माउंटन लॉरेल या जंगली झुडपाला फुलं येतात. ऑक्टोबरात रंग भारी असतात पण निम्मं न्यू यॉर्क त्याच ट्रेनने शेजारच्या कोल्ड स्प्रिंग गावाला निघालेलं असतं. ट्रेनने जाणार असाल तर ग्रँड सेंट्रलहून हडसन लाइन, गॅरिसनला उतरायचं, आणि डावीकडच्या खिडक्या पकडा, नदी तिकडेच आहे. स्टेशनवरून पुढे कॅब आधी बोलून ठेवा, तिथे रिक्षा स्टँड नाही! कारने असाल तर पॅलिसेड्स पार्कवेने वर, बेअर माउंटन ब्रिज ओलांडला की डावीकडे ९डी हा रस्ता, पाटी छोटी आहे, माझ्या फोनची रेंज नेमकी तिथेच गेली होती, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा.

गाडीत थोडा होमवर्क करून घ्या, नाहीतर आत गेल्यावर 'यात काय बघायचं' होतं. रसेल राइट म्हणजे भांड्यांचा माणूस. (फ्रँक लॉइड राइटशी नातं नाही, हा प्रश्न बाबा विचारणारच.) त्याचा अमेरिकन मॉडर्न हा डिनर सेट १९३९ ते १९५९ अशी वीस वर्षं निघत होता. आईला मात्र एवढंच सांगितलं की आपल्याकडे पाहुणे आले की काढायचीस ना त्या मेलामाइनच्या प्लेटी, तसल्या प्लेटी या माणसाने १९५३ साली डिझाइन केल्या होत्या. मग तिला एकदम इंटरेस्ट आला. १९४२ मध्ये त्याने ही जागा घेतली तेव्हा खाणकामाने आणि लाकूडतोडीने पार वाट लागलेली होती. ओढा वळवून त्याने खाणीत पाणी भरलं, धबधबा केला, कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढून नदी दाखवायची हे तो वर्षानुवर्षं ठरवत बसला, आणि १९७६ मध्ये वारेपर्यंत हे चालूच होतं. म्हणजे जंगल हे अंगण नाही, तीही त्याने मांडलेली खोलीच आहे, म्हणून घर बघून लगेच गाडीकडे पळू नका, पायवाटेसाठी तासभर वेगळा ठेवा.

घरात गुडघ्यांची तयारी लागते. छप्पर एका अख्ख्या सीडरच्या खोडावर तोललंय, आणि हॉलमधून जेवणाच्या जागेकडे उतरायला तिथल्याच खडकांच्या पायऱ्या, एक उंच एक बुटकी. बाबांनी आधी 'कठडा कुठंय?' विचारलं आणि मग सिंहगड उतरतात तसे आडवे पाय टाकत उतरले, फोल्डिंग काठी घरी राहिली म्हणून मी स्वतःला चार शिव्या घातल्या. तुम्ही न्या. पाठीवर मोठी सॅकही नको, भिंतींना काय काय लावलंय बघा, एका ठिकाणी गिलाव्यात हेमलॉक झाडाची सुईसारखी पानं दाबलीत, बाथरूमला प्लास्टिकमध्ये बंद केलेली खरीखुरी फुलपाखरं. हे सगळं सांभाळून, दुरुस्त करून ठेवलंय, धक्का लागायला नको. आईने फुलपाखरांपाशी थांबून 'बिचारी' म्हटलं आणि पुढे सगळा वेळ काचेतून खाणीतलं पाणीच बघत राहिली.

खायला पराठ्याचे रोल किंवा थालीपीठ घ्या, गाडीतच खाऊन घ्या. पाणी भरपूर. नंतर चहा प्यायचा तर कोल्ड स्प्रिंग जवळच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गोचीड. हडसनच्या या पट्ट्यात हरणं आहेत आणि गोचीड चावून लाइम डिसीज हा आजार खरोखर होतो, हे हसण्यावारी नेऊ नका. फिकट रंगाचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली (बाबा म्हणाले सर्कशीत चाललोय का), डीट (DEET) असलेलं किडे पळवणारं रिपेलंट, आणि वाटेच्या कडेच्या गवतात फोटोसाठी शिरायचं नाही, तिथे पॉयझन आयव्हीही असते, अंगाला लागली की खाज सुटते ती वेल. घरी आलात की कपडे थेट ड्रायरमध्ये गरम सेटिंगवर, आंघोळ, आणि काखा, गुडघ्यामागे, केसांत नीट तपासणी. पिल्लं खसखशीएवढी असतात, मोठी तिळाएवढी. मी आईला बाथरूमच्या लाइटखाली उभं केलं तर मानेमागे काळा ठिपका, मी चिमटा घेऊन धावले, आई ओरडली, अगं तो तीळच आहे, जन्मापासूनचा!