उन्हाळ्याचे ताट: पश्चिमेचे आंबट, पूर्वेचा शाळू

बेळगावच्या बाजारात उन्हाळ्यात माल दोन बाजूंनी येतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या डोंगरपट्ट्यातून कैऱ्या, ओले काजू, करवंदे, फणस आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळे येतात, तर गोकाक, अथणीकडच्या काळ्या जमिनीतून नुकताच काढणी झालेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी येते. घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पूर्वेकडे जेमतेम ओल, असा एकाच जिल्ह्यातला फरक या दोन प्रकारच्या पिकांमागे आहे. माझ्या मते या भागातले उन्हाळ्याचे जेवण त्या दोहोंच्या जोडीवरच बेतावे, कारण रानातल्या आंबटाने मंदावलेली भूक चाळवते आणि शाळूने पोट थंड राहते.

त्यासाठी पहिली शिस्त अशी की पदार्थ ठरवून बाजारात जाऊ नये, तर बाजार पाहून पदार्थ ठरवावा. सकाळी लवकर जावे, रानमेवा टोपलीत घेऊन बसलेल्या बायांशी बोलावे आणि माल कोणत्या गावचा, कधी तोडलेला, हे विचारून घ्यावे. समोरची विक्रेती कानडी बोलणारी असेल तर कैरीला माविनकायी, करवंदाला कवळी हण्णु आणि रातांब्याला मुरगल म्हणतात एवढे ठाऊक असले तरी बोलणे मोकळे होते. गोव्याकडची माणसे त्याच रातांब्याला भिरंड म्हणतात, त्यामुळे एका फळाची तीन नावे एकाच गल्लीत कानावर पडतात.

ओले काजू सर्वांत आधी हाती येतात. ते मूळचे ब्राझीलचे असून पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणले, आणि आता घाटाच्या दोन्ही अंगांना ते इथलेच होऊन गेले आहेत. सोललेले मिळाले तर तेच घ्यावेत. हिरव्या बिया घरी फोडायच्या असतील तर सालीतला चीक कातडी भाजून काढतो हे ध्यानात ठेवून हातांना खोबरेल तेल भरपूर चोळावे, बी विळीवर उभी चिरावी आणि आतला गर काडीने उचलून कोमट पाण्यात टाकावा, म्हणजे वरची पातळ साल सहज सुटते. उसळीसाठी कांदा परतून त्यात गर, मीठ आणि थोडे पाणी घालून झाकण ठेवावे, नंतर ओले खोबरे, धने, दोन लवंगा आणि संकेश्वरी मिरचीचे वाटण घालावे. ही मिरची तिखट असते, म्हणून हात आखडता ठेवावा. शेवटी कैरीच्या चार फोडी टाकून एक उकळी येऊ द्यावी. गर फार शिजला तर त्याची गोडी जाते, म्हणून तो दाताखाली किंचित कडक लागत असतानाच चुलीवरून उतरवावा.

करवंदांबद्दल थोडेच सांगायचे आहे: कच्ची लोणच्यासाठी घ्यावीत, चीक निघण्यासाठी काही वेळ मिठाच्या पाण्यात ठेवावीत, आणि पिकलेली मात्र धुऊन तशीच खावीत.

रातांब्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. ते एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि पावसात भिजले की खराब होतात, म्हणून ही कामे वळवाच्या आधी उरकावी लागतात. गर्द लाल, देठाजवळही हिरवेपणा नसलेली फळे घ्यावीत, धुऊन पूर्ण कोरडी करावीत आणि दोन भाग करून बियांसह गर वेगळ्या भांड्यात काढावा. गराला मीठ लावले की रस सुटतो. साली कडक उन्हात वाळवाव्यात, त्या रसात बुडवाव्यात, पुन्हा वाळवाव्यात आणि काळसर, लवचीक आमसुले होईपर्यंत हे पाच-सहा वेळा करावे. मी पहिल्या वर्षी घाईने अर्धवट वाळलेल्या साली बरणीत भरल्या आणि सगळ्यांना बुरशी आली. तेव्हापासून प्रत्येक साल दोन बोटांत दाबून पाहिल्याशिवाय मी भरत नाही. सरबतासाठी एक किलो ताज्या सालींना दोन किलो साखर या प्रमाणात काचेच्या बरणीत थर द्यावेत, पाण्याचा थेंबही लागू देऊ नये आणि तोंडाला फडके बांधून बरणी आठवडाभर उन्हात ठेवावी. बियाही टाकू नयेत. त्यांपासून निघणारे कोकमतेल टाचांच्या भेगांवर लावतात.

आता पूर्वेची बाजू, म्हणजे शाळूची आंबील. अर्धी वाटी शाळूचे पीठ एक वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी चार वाट्या पाण्याला मिठासह उकळी आणावी आणि एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने कालवलेले पीठ बारीक धारेने सोडावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दहाएक मिनिटांत आंबील चकचकीत दिसू लागते. ती निवल्यावर ताजे ताक, ठेचलेला लसूण, जिरे आणि कोथिंबीर घालावी. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे. तिथल्या मडक्यात ठेवलेली आंबील दुपारपर्यंत गार राहते, आणि मला स्वतःला स्टीलच्या पातेल्यातली आंबील कधीच तशी लागलेली नाही. दुपारच्या पानात या आंबिलीबरोबर शाळूची भाकरी, काजूची उसळ आणि आमसुलाचे सार वाढले की आणखी काही करावे लागत नाही.

कोथिंबीर, पुदिना आणि माठ परसातच लावावेत, कारण बाजारातली पालेभाजी या दिवसांत दुपारपर्यंत माना टाकते. माठाचे बी बारीक असते, म्हणून ते कोरड्या राखेत मिसळून फेकावे, वर पाचोळ्याचा पातळ थर द्यावा आणि ऊन उतरल्यावरच पाणी घालावे. साधारण महिन्याभरात भाजी काढणीला येते. तांदूळ, डाळ धुतलेले पाणी अळूच्या वाफ्यात सोडावे. मेमध्ये वळवाची पहिली दमदार सर पडून माती आतपर्यंत भिजली की कुंपणाकडेला दोडका आणि काकडीचे बी टोचावे. त्यासाठी आदल्या वर्षी एक दोडका वेलावरच पूर्ण वाळू द्यावा आणि त्याचे बी राखेत घोळून कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवावे.