पटरवर नेमाची रेघ मारताय? या चुका टाळा

गोल्फमध्ये ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू होलकडे घरंगळवायची काठी म्हणजे पटर. त्यावर नेम धरायला रेघ, ठिपका किंवा स्टिकर लावलेला चालतो का? चालतो. पटरच्या डोक्यावर, म्हणजे उभं राहिल्यावर वरून दिसणाऱ्या भागावर, रंगाची रेघ मारली किंवा पातळ स्टिकर चिकटवला तर चेंडूच्या उडण्या-घरंगळण्यात काही फरक पडत नाही, म्हणून नियमाची हरकत नाही. भारतात आर अँड ए आणि अमेरिकेत यूएसजीए या संस्था नियम सांभाळतात, आणि दोघांचं नियमपुस्तक एकच आहे. तरीही क्लबात वाद रंगतात ते रेघेवरून, आणि पेनल्टी बसते ती भलत्याच गोष्टीवरून.

अंदाजाने मारलेली रेघ

नियमात बसणारी, पण सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रविवारी सकाळी टी-टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळेच्या, आधी पार्किंगमध्ये मार्कर काढून रेघ ओढणाऱ्यांना काय सांगावं! हिशेब साधा आहे. एक सेंटिमीटरची रेघ टोकाला अर्धा मिलिमीटर सरकली की ती सुमारे 3 अंशांनी वाकडी झाली. तुम्ही रेघ इमानदारीने होलकडे लावता आणि फेस (चेंडूला लागणारी पटरची बाजू) तेवढाच उघडा किंवा बंद राहतो. तीन मीटरच्या सरळ पटला, म्हणजे पटरच्या फटक्याला, 1 अंश म्हणजे पाच सेंटिमीटर. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मधोमधपासून कडेपर्यंत जेमतेम 54. एका अंशाला चेंडू कडेवर नाचतो, तीन अंशांना मधापासून जवळपास सोळा सेंटिमीटर लांबून जातो. मग माणूस ग्रिप बदलतो, स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) बदलतो, शेवटी पटरच बदलतो.

रेघ घरी, टेबलावर मारा. आधी स्वीट स्पॉट शोधा. ग्रिपचं टोक दोन बोटांत हलकं धरून पटर लोंबता सोडा आणि टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) टोकाने फेसवर टिचक्या मारत सरका. जिथे मारल्यावर पटरचं डोकं न पिळता सरळ मागे जातं, ती जागा. कारखान्यातून आलेली रेघ नेमकी तिथेच असते असं गृहीत धरू नका. मग मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या घ्या, त्याची एक बाजू फेसला घट्ट टेकवा आणि दुसऱ्या बाजूने पेन्सिलची खूण करा. रेघ जितकी लांब तितकी वाकडी होण्याची शक्यता कमी, म्हणून जागा असेल तिथे पाच-सहा सेंटिमीटर घ्या.

खुणेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून मध्ये दोन मिलिमीटर फट ठेवा. ती जागा स्पिरिटने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातल्या अ‍ॅसिटोनने कारखान्याचा रंग आणि फेसमधला प्लास्टिकचा इन्सर्ट मऊ पडतो. इनॅमल रंगाचे दोन पातळ हात टूथपिकने द्या. जाड एकच हात दिला की रंग टेपखाली शिरतो आणि रेघेला मिशा फुटतात. टेप रंग किंचित चिकट असतानाच काढा आणि पटर रात्रभर आडवा ठेवा. स्टिकरही चालतो, पण पावसाळ्यात ओल्या टॉवेलने चार वेळा पुसला की कडा उचलते आणि स्टिकर तिरका बसतो. रंगच बरा.

आणि एकच रेघ. तीन रेघा, दोन बाण, एक ठिपका अशी जत्रा भरवली की डोळ्याने कुठे बघायचं हेच कळत नाही.

फेसवर काहीही चिकटवणं

नाही म्हणजे नाही. चेंडू कुठे लागतो ते दाखवणारे स्टिकर सरावापुरते. राउंडच्या आधी काढा, गोंदही पुसा.

दांड्या, क्लिपा, लेझर

सरावाला मिळणारी उभी क्लिप, लेझर किंवा डोक्यातून पुढे येणारी दांडी राउंडमध्ये ठेवू नका. क्लबला, म्हणजे खेळायच्या काठीला, बाहेरून जोडकाम नको हा मूळ नियम आहे. रेघ-स्टिकर ही त्यातली सवलत. नियमात न बसणारा क्लब नुसता बॅगेत असला तर पेनल्टी नाही, पण त्याने एक स्ट्रोक (फटका) मारला की खेळाडू स्पर्धेतून बाद. पाणसळ लावलेला पटर हा लेझरचाच भाऊ. अर्धी भरलेली पाण्याची बाटली ग्रीनवर ठेवून उतार बघणं हेही त्याच माळेतलं.

रेघ लांब मिळावी म्हणून मागे पट्टी जोडणारे कारागीरही असतात. पटरची टाचेपासून टोकापर्यंतची रुंदी पुढून मागच्या खोलीपेक्षा जास्तच हवी आणि 177.8 मिलिमीटरच्या आत हवी. पटिंगचे प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांचा तीन चेंडूंच्या आकाराचा पटर याच खोलीपायी नामंजूर झाला. ओडिसी कंपनीने 2001 मध्ये त्याच कल्पनेवर दोन चेंडूंचा पटर काढला, तो मापात बसला आणि धडाक्याने खपला.

पटर उभा करून मागे जाणं

स्वतःच्या पायावर उभे राहणारे पटर आल्यापासून ही चूक फोफावली आहे. चेंडूमागे पटर उभा केला, हात सोडला, मागे जाऊन रेघ बघितली, आणि तसंच येऊन स्टान्स घेतला. झाले पेनल्टीचे दोन स्ट्रोक. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकण्या-हरण्याच्या खेळात, ते होल गेलं. नियम 10.2ब प्रमाणे रोख दाखवायला किंवा स्टान्सला मदत म्हणून वस्तू खाली ठेवता येत नाही, आणि ‘ठेवली’ याचा अर्थ ती जमिनीला टेकलेली आहे आणि तुमचा हात तिला नाही. स्टान्स घेतल्यावर मागे हटून ही पेनल्टी टळत नाही. उपाय फुकटचा आहे: हात सोडू नका. मागे उभं राहून पटरचं डोकं चेंडूमागे टेकवा आणि पटर हातात ठेवूनच वळसा घालून जागेवर या.

कॅडीच्या, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाच्या, बाबतीतली चूक याहून क्रूर. जानेवारी 2019, दुबई डेझर्ट क्लासिक स्पर्धा, शेवटच्या दिवसाचा अठरावा होल. चीनच्या ली हाओतोंगने छोटा पट टाकून बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) केली, पण तो स्टान्स घेऊ लागला तेव्हा कॅडी त्याच्या मागे, चेंडू आणि होलच्या रेषेतच होता. कॅडीने तिथे उभं राहू नये या, त्या वर्षी लागू झालेल्या नियमात हेतूचा प्रश्नच नव्हता. दोन स्ट्रोक बसले, बर्डीची बोगी (एक जास्त) झाली आणि संयुक्त तिसऱ्यावरून तो संयुक्त बाराव्या क्रमांकावर घसरला. त्यावर ओरड झाल्यावर फेब्रुवारीत खुलासा आला. आता ग्रीनवर कॅडी चुकून मागे राहिलाच तर स्ट्रोकआधी मागे व्हा, त्याला बाजूला होऊ द्या आणि नव्याने स्टान्स घ्या. आपल्याकडे कॅडीच अनेकदा रेषा सांगतो, त्यामुळे पहिल्या टीवरच, म्हणजे खेळ सुरू करतानाच, त्याला सांगून ठेवा: रेषा दाखव, मग बाजूला हो.

चेंडूवरची रेघ

चालते. पण ती होलकडे लावायला चेंडू फिरवण्याआधी त्याची जागा मार्क करा. उचलला नाही, नुसता जागच्या जागी फिरवला तरी मार्क लागतोच, नाहीतर एक स्ट्रोक.

शिशाची टेप

पटरचं वजन वाढवायला राउंडआधी हवी तेवढी लावा. मधेच पट कमी पडतायत म्हणून एक पट्टी वाढवली किंवा सोलली आणि त्या पटरने स्ट्रोक मारला, तर बाद. सोलच्या, म्हणजे पटरच्या तळाच्या, वजनाच्या स्क्रूंनाही हेच लागू, म्हणून तो पाना गाडीतच राहू द्या. टेप खेळता खेळता आपोआप सुटली तर त्याच जागी परत चिकटवता येते, आणि ती चिकटत नसेल तर तिथेच नवी लावता येते.