भूकंपाच्या वेळी पुण्याच्या रस्त्यावर असाल तर या चुका टाळा

पुणे भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये येतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा धक्का इथेही जाणवला होता. दोन्ही पहाटेचे, लोक घरात झोपलेले. तसाच धक्का संध्याकाळी लक्ष्मी रोडवर खरेदीची गर्दी असताना बसला, तर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं.

भिंतीला चिकटून उभं राहणं. सगळ्यात घातक चूक हीच. पेठेतल्या एखाद्या गल्लीत मान वर करून बघा: वाड्याची कौलं, सज्जे, कठड्यावरच्या कुंड्या, एसीची युनिट्स, दुकानांच्या पाट्या. निखळलं की हे सगळं भिंतीच्या पायथ्याशीच येतं. म्हणून भिंत सोडा, डोक्यावर पिशवी किंवा हात धरा. चार पावलांवर चौक किंवा मैदान असेल तर तिथे जाऊन खाली बसा. मोकळी जागा लांब असेल तर गल्लीभर धावू नका. शेजारी भक्कम आरसीसी इमारत असेल तर तिच्या आत शिरा, काचांपासून लांब बसा. दारातच घुटमळू नका. जुन्या वाड्यात मात्र आसरा घेऊ नका.

हादरे चालू असताना दुकानातून बाहेर पळणं. आत असाल तर आतच, भक्कम टेबलाखाली.

करकचून ब्रेक दाबणं. दुचाकी हळू करत कडेला घ्या आणि उतरा. चारचाकीत असाल तर आतच बसून राहा. उड्डाणपूल, झाड, विजेचा खांब आणि होर्डिंग यांच्याखाली थांबू नका. ५ ऑक्टोबर २०१८ ला जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा सांगाडा कोसळून माणसं गेली, तेव्हा भूकंपही नव्हता. सिंहगडाच्या घाटात असाल तर डोंगर कापलेल्या बाजूपासून दूर राहा, तिथे दरडी सुटतात.

हादरे थांबले की लगेच घरात जाणं. मागून आणखी धक्के येतात आणि तडा गेलेली भिंत त्यात पडू शकते. पाकीट, चार्जर राहू द्या. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा. तार गाडीवर पडली असेल तर आतच बसा आणि ११२ लावा.

‘धरण फुटलं’ असे मेसेज पुढे पाठवणं. १९६१ ची पानशेतची धरणफूट या शहराच्या मनात अजून ताजी आहे, त्यामुळे अशी अफवा वाऱ्यासारखी पसरते. प्रशासनाकडून आलेलीच सूचना माना. घरच्यांना फोन न करता मेसेज टाका, म्हणजे मदत मागणाऱ्यांसाठी लाइन मोकळी राहील.